बाबांच्या सातबाऱ्यावर चार नावं लागेपर्यंत

जानेवारी २०२६ मध्ये तहसीलदारांच्या वाटप आदेशाची नक्कल आमच्या हातात आली. बाबा गेले ते सप्टेंबर २०२३ मध्ये, पोळ्यानंतरच्या आठवड्यात. म्हणजे सव्वादोन वर्षं उलटून गेली. या काळात ओळखीच्या आणि बिनओळखीच्या कितीतरी जणींनी मला बाजूला घेऊन विचारलं. तुझं नाव लागलं का गं? भाऊ काही बोलला नाही? कागद कोणकोणते लागतात? विचारताना प्रत्येकीचा आवाज आपोआप खाली यायचा. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी वकील नाही. गावच्या डाकघरात ग्रामीण डाक सेवक आहे, कागद नीट वाचायची सवय आहे, एवढंच. आमच्या घरात जसं घडलं तसं सांगते, कायद्याचं जेवढं कामी आलं तेवढं मधे मधे येईल.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेपासून थोडं आत. शेत एकाच गटात आहे, २ हेक्टर ४० आर, म्हणजे सहा एकरांच्या आतबाहेर. काळी भारी जमीन, नाल्याच्या बाजूनं जराशी चिबड, म्हणजे पाणी धरून ठेवणारी. कपाशी, सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं. मोठा दादा बारावीनंतर बाबांसोबत शेतातच राहिला. धाकटा चाकणला कंपनीत आहे. मी मधली, लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात आलेली. आई दादाजवळ राहते.

पहिलं काम मृत्यूनोंदीचं. ते तेरवीच्या आधीच उरकलं, आणि उरकलं ते बरं झालं. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद केली तर पैसे लागत नाहीत. महिना उलटला की परवानग्या सुरू होतात, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दुःखात हे सुचत नाही, म्हणून घरातल्या एखाद्या जावयानं किंवा पुतण्यानं हे काम अंगावर घ्यावं. दाखल्यावरचं नाव मात्र तिथंच, टेबलाजवळ उभं राहून वाचा. बाबांच्या आधारकार्डावर नावापुढं 'राव' होतं, सातबाऱ्यावर नुसतं नाव. दाखला आधारप्रमाणे निघाला. त्यामुळं पुढं 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. असा फरक असेल तर ते प्रतिज्ञापत्र वारसाच्या अर्जासोबतच जोडावं, म्हणजे तेवढ्यासाठी अर्ज परत येत नाही.

वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडं अर्ज करायचा असतो. आमचे तीन महिने नुसतेच गेले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, जेवण झालं, मग त्यानं पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताचा, मसुदा होता. माझं नाव, वय, 'राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' वगैरे सगळं लिहिलेलं, फक्त सहीची जागा कोरी. "बाई, इथं सही करून देजो. अर्जनवीस म्हणे, वारसात नाव लावलं का मंग हक्कसोड लागतेच. दोन्ही एकदमच करून टाकू." त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. आमच्या गावात सगळ्यांच्या घरी हे असंच होत आलं आहे. भावानं साडीचोळी करायची, बहिणीनं सही करायची.

मी म्हटलं, "दादा, आधी नाव तं लागू दे. सोडाचं का नाई थे मंग पाहू."

तो काही बोलला नाही. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला. एरवी तो मुक्कामी राहतो.

इथं थोडं थांबून दादाबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला तो लोभी वाटेल. तो लोभी नाही. गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हा सोसायटीचं कर्ज त्यानंच फिरवलं. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्या हंगामात तोही डोळे सुजून दवाखान्यात पडून होता. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात रात्री उठला तोच. त्याच्या मनात एकच भीती होती, की बहिणीचं नाव लागलं की उद्या जावई येतील, परवा गिऱ्हाईक येईल आणि शेताच्या मधोमध परक्याचा धुरा, म्हणजे बांध, पडेल. ही भीती त्यानं कधी बोलून दाखवली नाही. बोलला असता तर अर्धं काम त्याच दिवशी झालं असतं. माणूस भीती सांगत नाही, कागद पुढं करतो, हे मला त्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं.

माझी बाजू कायद्यानं भक्कम होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा, मुलगा आणि मुलगी हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत असं नाही. हे मला पाठ होतं. पण ते दादाला ऐकवावं असं वाटलं नाही. कायदा तोंडावर फेकला की समोरचा माणूसही वकिलाकडं जातो, आणि मग सणवार संपतात. मी नाही म्हटलं नव्हतं आणि हो पण म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर पुरं २०२४ निघत चाललं होतं.

दोन्हीकडून बोलणी खाल्ली. माहेरच्या गावात म्हणाले, पोस्टात नोकरी आहे, नवरा कमावता आहे, तरी भावाच्या घासात हात घालते. सासरकडची एक जवळची बाई म्हणाली, "घेऊन टाक अन् विकून टाक, स्लॅब टाकून होईल." माझ्या यजमानांनी एकदाच सांगितलं, "तुझ्या बापाची जमीन आहे, तू ठरव, मी त्यात बोलणार नाही." आणि ते खरंच बोलले नाहीत. त्यांचं हे न बोलणं मला किती कामी आलं, हे त्यांना मी सांगितलं आहे.

तिकडं दादाची कोंडी होत होती. खातेदार मयत, त्यामुळं पीक कर्जाचं नूतनीकरण अडलं. बाबांच्या नावानं येणारा पीएम किसानचा हप्ता बंद झाला. वारसाहक्कानं नाव लागलं तर नव्या खातेदाराला अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद, लागतो. पुढं २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार-सव्वाचार हजारानं विकावं लागत होतं. राबणारा तो, आणि कागदावर त्याचं नाव कुठंच नाही. माझं नाव लागत नव्हतं तसंच त्याचंही लागत नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

कोंडी फोडली आईनं. बाबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही तिघंही घरी होतो. पंगत उठली, पाहुणे गेले. दादा, धाकटा, वहिनी, मी, सगळे ओसरीत बसलो होतो. विषय कुणीच काढत नव्हतं. आई आतून आली आणि म्हणाली, "तुमच्या बापाच्या नावावर होतं तंवर मले कोणाले काही मांगा लागत नोतं. आता औषधाले पैसे मांगाचे तं मले अवघड वाटते. माहं नाव लावा. अन् लावाचंच हाय तं चौघाईचंबी लावा. मंग कोणाले काय सोडाचं थे ज्याचं त्यानं पाहावं."

दादा एकदम गप्प झाला. आईही हक्कसोड देईल हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. सगळेच धरतात. वहिनीनं त्या वेळी जे केलं ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "बराबर हाय मामीजींचं." त्या घरात रोज राहायचं तिला होतं, आणि तरी ती बोलली.

माझ्या वाचणाऱ्या बायांना हात जोडून सांगते, स्वतःच्या हिश्श्याचं तुम्ही काय करायचं ते करा, पण आईला तिचं नाव सोडायला लावू नका. तिचं नाव असेल तर तिला घरात विचारलं जातं. त्या दिवसापासून आमच्या आईच्या चहाची वेळसुद्धा बदलली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्ज केला. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही करता येतो, पण आमच्याकडं नाव जुळत नव्हतं म्हणून प्रत्यक्ष गेलो. लागलेले कागद असे: मृत्यू दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नातं लिहिलेलं वंशावळीसह प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड आणि तो नावाच्या फरकाचा कागद. वारस नोंदीला सरकारी फी नाही. आमचा खर्च झाला तो टायपिंग, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि जाण्यायेण्याचा. मोबाईलवरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो सगळीकडं चालतो. वंशावळीत कुणाचंही नाव गाळू नका. लग्न झालेली मुलगी, दूर गेलेला मुलगा, सगळ्यांची घाला. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि गाळलेला माणूस दहा वर्षांनी आला तरी फेरफार उघडा पडतो.

अर्ज दिल्यावर कागदाचा प्रवास असा होतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते गाव नमुना सहा-क म्हणजे वारस नोंदवहीत नोंद घेतात. मंडळ अधिकारी चौकशी करून वारस ठरवतात. मग नमुना सहामध्ये फेरफार ओढला जातो, नमुना नऊची नोटीस सगळ्यांना जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. ही साखळी आधी माहीत असली की कार्यालयात जाऊन "माह्या कामाचं काय झालं?" असं विचारावं लागत नाही. "सहा-क ला नोंद झाली का, फेरफार क्रमांक पडला का?" असं विचारता येतं. उत्तर लगेच वेगळं मिळतं.

अर्ज दिला आणि विधानसभेची निवडणूक लागली. २० नोव्हेंबरला मतदान, त्याच्या आधी आणि नंतर महसूलचा प्रत्येक माणूस त्याच कामात. मग तलाठ्यांची बदली. नवे आले त्यांच्याकडं तीन गावांचा पदभार. राग यायचा, पण त्यांच्या टेबलावरचा ढीग पाहिला की शब्द तोंडातच राहायचे. आमचा कोतवाल मला म्हणाला, "ताई, साहेबाले बोलू नोका. मंगळवारी सकाळी दहाले या, थ्या दिवशी थे बसतेत." त्या एका वाक्यानं माझ्या कितीतरी फेऱ्या वाचल्या. कोतवालाला गावात कुणी मोजत नाही. पण कोणता कागद कुणाच्या हाताखाली आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याला नावानं हाक मारावी, बसायला जागा द्यावी.

आमचं काम खरं हललं ते 'जिवंत सातबारा' मोहिमेत. ही मोहीम आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर नेली. मयत खातेदारांची यादी करून चावडीत वाचन, मग वारसांचे कागद, मग फेरफार, असा कार्यक्रम होता. चावडीवाचनात बाबांचं नाव घेतलं तेव्हा मी तिथं होते. गावातली बरीच नावं वाचली गेली. काही तर तीस-तीस वर्षांपूर्वी गेलेले, आणि कागदावर अजून शेतमालक. त्यांच्या नातवांनी कर्ज काढलं नव्हतं, विमा घेतला नव्हता, नुकसानीची मदत घेतली नव्हती, कारण घरातलं एक बोलणं कुणालाच काढायचं नव्हतं.

मे महिन्यात फेरफार प्रमाणित झाला. दादानं सातबारा मोबाईलवर काढला आणि मलाच पाठवला, सगळ्यात आधी. वर आईचं नाव, खाली आम्हा तिघांचं. सोबत काही लिहिलं नव्हतं. मी फोन केला तर म्हणाला, "पोचलं ना? बस." त्याला जुलैमध्ये पीक कर्ज मिळालं आणि शेतकरी ओळख क्रमांकही निघाला. पुढं पावसानं नुकसान झालं तेव्हा मदतीच्या यादीत त्याचं स्वतःचं नाव होतं.

त्या सातबाऱ्यावर एक पाचवं नाव होतं, हे मी आत्ताच सांगते. 'इतर अधिकार' या रकान्यात. माझ्या आत्याचं.

आजोबा गेले १९८७ मध्ये. तेव्हा फेरफार झाला तो बाबांचं नाव खातेदार म्हणून आणि आत्याचं नाव इतर अधिकारात, असा. त्या काळात मुलींची नावं पुष्कळदा अशीच बाजूला लिहीत. वाटप करायचं तर तिची संमती हवी होती. दादा म्हणाला, आत्याला काय कळते, अंगठा घेऊ. मी म्हटलं, आधी जुने कागद काढू.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन १९८७ च्या फेरफाराची नक्कल मागितली, आणि सोबत १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची. विदर्भातल्या लोकांनी हा कागद एकदा जरूर काढून ठेवावा. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या नोंदी त्या वेळच्या आहेत, आणि जमिनीपासून जातीच्या दाखल्यापर्यंत त्यांचा आधार लागतो. कागद कडेनं झिजलेला होता. मोडीसारख्या वळणाच्या देवनागरीत पणजोबांचं नाव, शेताचा आकार आणि त्याच पानावर खाली-वर शेजाऱ्यांची नावं. त्यातल्या दोन घरांचं गावात आता कुणीच उरलेलं नाही. ज्यांच्या बांधावरून आमच्या आजोबांनी भांडणं केली असं ऐकलं होतं, ते हे. मी ते पान बराच वेळ पाहत राहिले. दादानं विचारलं काय झालं, तर मला सांगता आलं नाही.

आत्या माहूरकडं दिली आहे, पैनगंगेच्या पलीकडं, नांदेड जिल्ह्यात. वय अठ्ठ्याहत्तर. दादा एकटाच गेला आणि परत आला. ती म्हणाली, सही-अंगठा काही होणार नाही. त्याला वाईट वाटलं, तिच्या पोरांनी शिकवलं असेल असं तो म्हणाला. दुसऱ्यांदा आई, दादा आणि मी गेलो, मुक्कामाला. तिनं भाकरी केल्या, अंबाडीची भाजी केली. जेवताना जमिनीचं अवाक्षर नाही. रात्री अंगणात बाजेवर बसून तीच बोलली.

"बापू, तुह्या बापानं मले कधी इचारलं नाई. अडतीस वर्सं झाले. राखीले आला, लुगडं देल्लं, नाई म्हणत नाई मी. पण बाई, तुह्याबी नावाचं काही हाय, थे तुले ठेवाचं का सोडाचं, असं एकडाव तोंडानं म्हणाले काय जात होतं? परवा तू आला तं बूड टेकाच्या आधी कागद काढला."

दादा मान खाली घालून ऐकत होता. मग तो म्हणाला, "आत्या, आता इचारतो. तुले पायजे तं ठेव. आमी वाटणीत तुहा हिस्सा काढून देतो." हे त्यानं मनापासून म्हटलं, मी शेजारीच होते. आत्या हसली. म्हणाली, मी कुठं वाहाले येतो आता. सकाळी निघताना तिनं होकार दिला. दरसाल माहेरची जवारी आणि तुरीची डाळ मात्र यायला पाहिजे, आणि पोत्यात नको, कुणीतरी घेऊन यायला पाहिजे.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, साध्या कागदावर लिहून दिलेलं चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत रक्ताच्या नात्यात आणि मोबदल्याशिवाय असेल तर मुद्रांक ५०० रुपयांचा. ऑक्टोबर २०२४ च्या आधी तो २०० होता. वर नोंदणी फी आणि पानागणिक हाताळणी शुल्क. देणारा, घेणारे सगळे, आणि ओळख पटवणारे दोन जण हजर लागतात. ऑगस्टमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. आत्याचा अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर कापूस वेचून आणि निंदण करून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. तिथल्या ऑपरेटर मुलानं ओल्या फडक्यानं तिचा अंगठा पुसला, जरा चोळला, पुन्हा ठेवला. नाही. दुसरं बोट. नाही. मागं रांग होती, कुणीतरी चुळबुळ केली. तो मुलगा म्हणाला, "आजी, घाई नाई, आपल्याले दिवसभर हाय." शेवटी डाव्या हाताचं बोट उमटलं. वयस्कर माणसं सोबत असतील तर सकाळची पहिली वेळ घ्या, आणि निघताना त्यांच्या बोटांना खोबरेल चोळून, मग हात धुऊन आणा. हे त्या मुलानंच सांगितलं.

दस्त पूर्ण होण्याआधी निबंधकांनी तिला एकटीला विचारलं, कुणाचा दबाव आहे का. ती म्हणाली, "दबाव कायचा? इचारलं मले यायनं."

आता वाटप. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदारच वाटप करून देतात, कोर्टात जावं लागत नाही. सगळ्यांच्या सहीचा अर्ज, सातबारा, आठ-अ, कुणाला कोणती बाजू येणार याचा चतुःसीमेसह कच्चा नकाशा आणि संमतीची प्रतिज्ञापत्रं. नोटीस निघते, मग तारखेला प्रत्येकाचा जबाब नोंदवतात. धाकट्याला चाकणहून सुट्टी काढून यावं लागलं. हिस्सा पाडताना तुकडेबंदी, म्हणजे फार लहान तुकडे पाडायची मनाई, पाहावी लागते. आता जिरायतीला किमान २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाण आहे. आमचे चार हिस्से ६० आरचे, म्हणजे जवळपास तेवढ्याच गुंठ्यांचे, त्यामुळं तो प्रश्न आला नाही.

प्रश्न आला तो नाल्याकडच्या चिबड पट्ट्याचा. तो कुणालाच नको होता. धाकटा म्हणाला, मी इथं नसतो म्हणून मला द्याल, तर ते चालणार नाही. दोन दिवस घरात बोलणं तुटक झालं. मग सरळ उभे पट्टे पाडायचं ठरलं, रस्त्यापासून नाल्यापर्यंत, म्हणजे प्रत्येकाला थोडं चांगलं, थोडं चिबड. वाहायला अरुंद पडतं, हे खरं आहे. पण कुणाच्या मनात राहिलं नाही.

विहिरीबद्दल अर्जातच लिहून घ्या. विहीर सामाईक, पाण्याची पाळी कशी, मोटारीचं मीटर कुणाच्या नावानं, पाइपलाइन कुणाच्या पट्ट्यातून, आणि मागच्या हिस्स्याला जायची वाट किती फुटांची. आज सगळ्यांना आठवतं म्हणून कुणी लिहीत नाही. पुढच्या पिढीत भांडण होतं ते याच गोष्टींवरून. आमच्या तहसीलच्या लिपिकानं हे आम्हाला दोनदा विचारलं, त्या बाईंचे उपकार आहेत.

माझे ६० आर मी ठेवले आहेत. वाहतो दादाच, मक्त्यानं म्हणजे ठरलेल्या पैशांवर, गावात जो भाव असेल त्या भावानं. विकायचं झालं तर आधी भावांना विचारीन, हे मी त्याला भाऊबीजेला सांगितलं, या वेळी मीच विषय काढून. तो मुक्कामी राहिला होता.

आता आदेश फेरफाराला टाकला आहे आणि पोटहिस्सा मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात द्यायचा आहे. कुटुंबातल्या वाटणीच्या पोटहिस्सा मोजणीला २०२५ पासून हिश्शामागं २०० रुपये फी ठरली आहे. त्या सवलतीसाठी वाटपाचा कोणता कागद चालतो हे अर्ज भरायच्या आधी विचारून घ्या. मोजणीच्या तारखेची नोटीस शेजारच्या गटधारकांनाही जाते, त्या दिवशी सगळ्यांनी धुऱ्यावर हजर राहायचं. आमची मोजणी झाली, हिस्सा नंबर पडले, की त्याबद्दल वेगळं लिहीन.